व्याज बुडालं

मासा पाण्यात बुडून मेला असं कारण देऊन मी रजा मागितली, तर आमचे मॅनेजरसाहेब रजेऐवजी डॉक्टरचा पत्ता देतील. तरीही सांगतो, आमच्या घरी व्याज बुडालं. चांगलं 55 लिटर पाण्यात बुडालं. आणि बुडवणारा मी; गेली तेवीस वर्षं लोकांच्या मुद्दल-व्याजाचा हिशेब ठेवण्याबद्दल पगार घेणारा, बी. कॉम. (द्वितीय श्रेणी) झालेला बँकेतला कारकून. मध्यंतरी बँकांनी आमच्या हुद्द्याचं इंग्रजीत नवं बारसं केलं, पण नाव बदलल्याने खुर्चीचा मोडका हात काही दुरुस्त होत नाही.

या बुडीत व्याजाने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. माणसाने हातपाय हलवावे केव्हा आणि स्वस्थ बसावं केव्हा? प्रश्न जुना आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, अकर्म आणि विकर्म अशी त्याची फोड केलेली आहे. लोकमान्यांचं 'गीतारहस्य' 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यात या विषयावर इतकं लिहिलेलं आहे की आमच्या आजोबांची प्रत कपाटातून खाली काढणं हेच मुळात एक कर्म आहे. मी ती दोनदा काढली. दोन्ही वेळा प्रस्तावनेतच डोळा लागला. तेव्हा माझं जे काही तत्त्वज्ञान आहे ते दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा काचेच्या पेटीतलं आहे. खोलीही तेवढीच समजावी.

सुरुवात झाली कन्येच्या बाराव्या वाढदिवसापासून. तिला कुत्रा हवा होता. माझ्या आईने "कुत्रा आला तर मी नाशिकला धाकट्याकडे जाते" असं जाहीर केलं आणि सौ.ने "कुत्रा आला तर त्याला फिरवणार कोण?" असं विचारत माझ्याकडे पाहिलं. मग कुत्र्यावरून मांजर, मांजरावरून पोपट, असं करत करत मागणी माशांवर आली. पगारवाढीच्या वाटाघाटींचा अनुभव माणसाला घरी असा उपयोगी पडतो. एका रविवारी स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून काचपेटी, निळी खडी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, दर अर्ध्या मिनिटाला खजिन्याची पेटी उघडणारा एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि दोन गोल्डफिश अशी वरात रिक्षातून घरी आली. दुकानदाराने "पाण्यात हे दोन खडे टाका, क्लोरीन जातो" म्हणून हायपोची पुडी दिली. फोटो धुवायला वापरायचे तोच हायपो. दोन तासांत सगळं थाटून आम्ही मासे सोडलेसुद्धा. नावं मी ठेवली. मोठा, शांत, भरदार तो मुद्दल. आणि त्याच्या मागे मागे सारखं धावणारं, लहानसं, चपळ ते व्याज.

रविवार आणि सोमवार आमच्या घरात टीव्ही लागला नाही. मंगळवारी संध्याकाळी बँकेतून आलो तर पाणी पांढुरकं. गढूळ म्हणावं तर माती नाही, हिरवं म्हणावं तर शेवाळ नाही. तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. पाणबुड्या धुक्यात हरवला होता आणि खजिना आहे की नाही तेही कळेना.

गढूळ पाणी आणि पाठदुखी या दोन विषयांवर सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही. समोरचे नाना म्हणाले, "पाणी बदला." इस्त्रीवाला म्हणाला, "खडी धुवा." दुकानदाराला फोन केला तर त्याने दोन प्रकारच्या बाटल्यांची नावं आणि किंमती सांगितल्या. मी कर्तव्यदक्ष माणूस. त्याच रात्री मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतलं, खडी घासली, काचा पुसल्या आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली असा पिळला, असा पिळला, की धोब्याने शिष्यत्व पत्करावं. रात्री साडेअकराला पेटी आरशासारखी लखलखत होती. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." असं वाक्य बाराव्या वर्षानंतर ऐकायला मिळत नाही, म्हणून मीही ते पुरवून पुरवून ऐकलं.

शुक्रवारी पाणी पुन्हा पांढरं. मी पुन्हा बाह्या सरसावल्या. पुन्हा बादली, पुन्हा घासणं, पुन्हा पिळणं. या वेळी घाईत हायपोचे खडे टाकायचे राहिले, हे मला फार उशिरा आठवलं. शनिवारी दुपारपासून पुन्हा धुरकट. तेव्हा आईने सूत्रं हाती घेतली. "आमच्याकडे विहिरीचं पाणी गढूळ आलं की निवळीचं बी उगाळून घालायचे, नाहीतर तुरटी फिरवायचे. चार तासांत पाणी कसं निवळशंख." निवळीचं बी शहरात मिळणं कठीण, तुरटी माझ्या दाढीच्या डब्यातच होती. फिरवली. आणि काय सांगू, रविवारी सकाळी पाणी खरोखर निवळशंख! तळाशी पिठासारखा थर आणि वर पाण्यात पाणी आहे की नाही कळू नये असं पाणी. मी नानांना बोलावून दाखवलं. इस्त्रीवाल्याला दाखवलं. सौ.ने फोटो काढून माहेरी पाठवला. आईने तर "आजकालच्या शिकलेल्यांना काही माहीत नसतं" हे वाक्य दिवसभरात चार वेळा वेगवेगळ्या प्रसंगी बसवलं.

सोमवारी दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत-मिटत होते. आम्हाला वाटलं, भूक लागली. खाणं घातलं. मंगळवारी सकाळी व्याज एका कुशीवर तरंगत होतं.

कन्या शाळेच्या गणवेशात पेटीसमोर उभी होती. ती रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी पटकन म्हणालो, "अगं, ते दुकानातूनच आजारी आलं असणार." हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सफाईने आलं की मलाच आश्चर्य वाटलं. काउंटरवर "सर्व्हर डाउन आहे" हे असंच येतं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांच्याकडे माशांची पेटी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण जाणकाराला विचारण्याआधी बाकी सगळ्यांना विचारून घ्यायचं, ही आपली पद्धत मी पाळली होती. संध्याकाळी त्या खाली आल्या. त्यांनी पाण्याचं कौतुक केलं नाही. एका छोट्या काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि नळी खिडकीपाशी धरून बसल्या. "पिवळं राहिलं तर ठीक," त्या म्हणाल्या. पाच मिनिटांत त्या निवळशंख पाण्याचा रंग गडद हिरवा झाला.

"अमोनिया," बाई म्हणाल्या. "मासे श्वास घेतात ना, त्या कल्ल्यांतूनच तो बाहेर टाकतात. शिवाय उरलेलं खाणं कुजलं की तयार होतो. दिवसातून किती वेळा खायला घालता?"

"एकदाच," मी म्हणालो. "सकाळी मी घालतो."

"दुपारी मी घालते," सौ. म्हणाली.

"शाळेतून आल्यावर मी," कन्या.

आईने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "दोन शितं घातली तर काय होतंय?"

म्हणजे एकाच कर्जदाराला एकमेकींना न सांगता चार शाखांनी कर्ज मंजूर केलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. गोल्डफिशला जठरच नसतं म्हणे. खाल्लेलं सरळ आतड्यात. शिल्लक न ठेवणारं चालू खातंच ते.

मग बाईंनी आम्हाला जे सांगितलं ते मी माझ्या वाणिज्य शाखेच्या बुद्धीला झेपेल तसं सांगतो. नव्या पेटीत पाणी असतं, मासे असतात, पण तिसरे भागीदार नसतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, शेवटचं त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात हिंडत नाहीत. स्पंजवर, खडीवर, काचेवर बुळबुळीत थर धरून बसतात. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि ते पांढरं धुकं? ते वेगळ्याच जिवाणूंचं. नव्या पाण्यात उष्टंखरकटं भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही असं पाहून ते भराभर वाढतात. खाणं कमी पडलं की आपोआप ओसरतात. हवेचा पंप चालू असेल तर त्या धुक्याने सहसा मासा मरत नाही.

"पाणी घाण होतं म्हणून गढूळ झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नवं होतं म्हणून झालं होतं. आणि तुम्ही दर वेळी स्पंज पिळून पेटीला पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवत होतात."

"आणि तुरटी?" आईने हळूच विचारलं.

"तुरटीने गढूळपणा बसला. विष कुठे बसलं? माशांना तुरटी चांगली नाहीच. क्लोरीनही नाही. कशाने किती नुकसान केलं ते आता सांगता येणार नाही. पण हा हिरवा रंग एकटाही पुरेसा आहे."

आई काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे दह्यासारखंच की. विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नसतं." आणि माझ्याकडे वळून, "हा लहानपणीसुद्धा दर तासाला झाकण काढून, भांडं हलवून बघायचा. याच्या हातचं दही कधी लागलं नाही."

बाई हसल्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवून पाहिली. मासे आणि झाड एकमेकांच्या आधाराने जगतात का, हे त्यांना बघायचं होतं. झाडाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. या गृहस्थांनी पाणी फेकलं नाही. कुजकी पानं खाणार कोण, असा विचार केला आणि तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकं खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी स्वच्छ झालं. हा प्रयोग त्यांनी 1850 मध्ये छापला. म्हणजे घरात काचपेटी ठेवण्याचं शास्त्र ज्या काळात बाळसं धरत होतं, त्याच काळात गढूळ पाण्याचं उत्तरही सापडलेलं होतं. मी मात्र 175 वर्षांनंतर स्पंज पिळत बसलो होतो.

बाई वर गेल्यावर कन्येने प्रश्न विचारला. "बाबा, तुम्ही काहीच केलं नसतं, तर व्याज जगलं असतं?"

सकाळची सफाई या वेळी कामाला आली नाही. मी म्हणालो, "ते आजारी आलं होतं असं मी सकाळी म्हणालो ना, ते मला माहीत नव्हतं. उगाच म्हणालो. खाणं कमी घातलं असतं, थोडं थोडं पाणी बदललं असतं आणि बाकी हात लावला नसता, तर बहुतेक जगलं असतं."

"म्हणजे काहीतरी करायचंच होतं."

"हो. पण लांबून बघणाऱ्याला काहीच करत नाही असं वाटावं, इतकंच."

ती झोपायला गेली आणि मी त्या पेटीसमोर बसून राहिलो. बँकेतल्या माणसाला नुसतं बसवत नाही. मी मनात ताळा करू लागलो. मी 2002 साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत निम्मं काम अजून खातेवह्यांवर चालायचं. महिन्याचा ताळा घेताना फरक यायचाच. नव्या मुलांना फरक दिसला की घाम फुटायचा. माझ्याबरोबरच्या एकाने साठ रुपयांचा फरक पाहून घाबरून साठ रुपयांची एक नोंद कुठेतरी ढकलून ताळा जमवला. आमचे हेड कॅशियर, पान खाणारे आणि कमी बोलणारे गृहस्थ, त्याला म्हणाले, "अरे, फरक दिसत होता तोवर ठीक होतं. आता तू तो दिसेनासा केलास. आता शोधणार कुठे?" त्यांनी शिकवलं होतं की फरकाला नऊने भाग जात असेल तर आकडे उलटे पडल्याची शंका घ्यावी, 54 च्या जागी 45. म्हणजे फरक हा शत्रू नव्हे. तो चुकीचा पत्ता सांगणारा माणूस आहे. त्याला आधी बसवून घ्यावं, पाणी द्यावं, विचारावं. मी त्याला तुरटी लावली.

इथवर आलो तेव्हा बरं वाटायला लागलं होतं. एक सुभाषित हाती आलं होतं: उगाच ढवळाढवळ करू नये, सगळं आपोआप निवळतं. माझ्यासारख्या आळशी माणसाला इतकं सोयीचं सुभाषित फुकट मिळत नाही. उद्या बँकेत सगळ्यांना ऐकवावं असं मनात योजलं. आणि तेवढ्यात मला आजी आठवल्या.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दुसऱ्या शाखेत होतो. नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी एक आजी दर महिन्याला यायच्या. सही येत नव्हती, अंगठा करायच्या. डोळ्यांना कमी दिसायचं. सुरुवातीला एकट्या यायच्या आणि मला हटकून विचारायच्या, "बाळा, जेवलास का?" मग एक पुतण्या बरोबर येऊ लागला. पैसे काढण्याचे कागद तो भरायचा, आजी अंगठा करायच्या, पैसे तो मोजायचा. काही महिन्यांनी आजींची एक मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक कागद स्वच्छ. अंगठा स्वच्छ, साक्षीदार हजर, अधिकाऱ्याची सही जागच्या जागी. कोणताही ऑडिटर यावा आणि निवळशंख म्हणून निघून जावा.

एकदा पैसे घेताना आजींनी मला विचारलं, "किती उरले रे बाळा?" मी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, "आहेत गं, पुष्कळ आहेत." समोर पडद्यावर मला शिल्लक दिसत होती. पुष्कळ नव्हती. आजी माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझा आवाज येईल त्या दिशेला बघत होत्या. आणि मी काय केलं? पासबुक छापून पुढे सरकवलं. ते पुतण्याने खिशात घातलं. रांगेत मागे बारा माणसं होती. मी मनाशी म्हणालो, घरातलं प्रकरण आहे, आपण कशाला मध्ये पडा.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. त्या वर्षी आजी आल्या नाहीत. डिसेंबरातही नाहीत. पुढे माझी बदली झाली.

कन्येने मला विचारलं होतं, तुम्ही काही केलं नसतं तर? पेटीसमोर बसल्या बसल्या मला तोच प्रश्न उलटा ऐकू आला. तुम्ही काही केलं असतं तर? आणि फार काही करायचंही नव्हतं. पुतण्याशी भांडायचं नव्हतं, पोलीस बोलवायचे नव्हते. खातेदाराने स्वतःची शिल्लक विचारली होती. ती मोठ्याने सांगायची होती. आकडा उच्चारायला चार सेकंद लागले असते. पाहिजे तर साहेबांच्या कानावर घालायला आणखी दोन मिनिटं. आमच्या कोणत्याही नियमपुस्तकात त्याला मनाई नाही.

म्हणजे माझं सुभाषित एका रात्रीतच बुडीत खात्यात गेलं. जिथे स्वस्थ बसायचं तिथे मी घासत होतो आणि जिथे तोंड उघडायचं तिथे मी स्वस्थ बसलो होतो. आणि दोन्ही ठिकाणी मला फसवलं ते एकाच गोष्टीने. पाणी पांढरं दिसलं, मी घाबरलो. कागद स्वच्छ दिसले, मी निर्धास्त झालो. पांढऱ्या पाण्यात फारसं काही वाईट नव्हतं. जे मारणारं होतं ते दोन्हीकडे निवळशंख होतं.

आपल्या भाषेत दोन शब्दप्रयोग आहेत, हात आवरणं आणि हात झटकणं. दोन्हींत हात कामावरून निघतात. फोटो काढला तर फरक कळायचा नाही. हात आवरणारा माणूस जागचा हलत नाही. तो तिथेच बसतो, नळीत थेंब टाकतो, रंग पाहतो, वेळ आली तर उठतो. हात झटकणारा मागे वळून बघत नाही. आजींच्या बाबतीत मी हात आवरले असं मला इतकी वर्षं वाटत होतं. झटकले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे ओळखायचं कसं? मलाही नीट सांगता येणार नाही. पण मला वाटतं, स्वस्थ बसल्यावर जर हलकं हलकं वाटत असेल, तर बहुधा आपण हात झटकलेले असतात. हात आवरून बसणं फार जड असतं, हे मी पुढच्या पंधरवड्यात शिकलो.

बाईंनी आपल्या जुन्या पेटीतला स्पंजचा एक मळकट तुकडा विरजण म्हणून दिला. निम्मं पाणी त्याच रात्री हायपो घातलेल्या पाण्याने बदललं. एक दिवस उपास; मग दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, तेही फक्त कन्येने घालायचं. एक-दोन दिवसांआड पाव हिस्सा पाणी बदलायचं. स्पंज धुवायचाच झाला तर पेटीतून काढलेल्या पाण्यात नुसता हलवायचा, नळाखाली नाही. आणि रोज तपासणी. कन्येने जुन्या वहीत तक्ता आखला: तारीख, रंग, सही. सही दोघांची लागते; एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. रक्त बोलतंच.

चौथ्या दिवशी पाणी पुन्हा पांढरं झालं. माझे हात शिवशिवू लागले. नाना येऊन म्हणाले, "अहो, बदला की पाणी! असं काय बघत बसलात?" मी म्हणालो, "बघतोय." रात्री दोनला उठून मी पेटीपाशी गेलो तर आई तिथे आधीच उभी. "तू काही करायला तर आला नाहीस ना, म्हणून बघायला आले," ती म्हणाली. तिच्या मुठीत काय आहे ते मी विचारलं नाही. सकाळी तुरटी माझ्या दाढीच्या डब्यात परत आलेली होती.

अकराव्या दिवशी धुकं ओसरायला लागलं. तेराव्या दिवशी पाणबुड्या दिसला. बिचारा इतके दिवस कोणी पाहत नसतानाही खजिना उघडत होता. पण वहीतला रंग अजून हिरवटच होता, म्हणून स्वच्छ पाण्यावर आम्ही विश्वास ठेवला नाही. पाव हिस्सा पाणी बदलणं चालूच ठेवलं. अमोनियाची नळी सलग पिवळी राहायला पाचवा आठवडा उजाडला. नायट्राइटची नळी वेगळी. ती निळीची जांभळी होते. तिने आणखी आठवडा घेतला.

मुद्दल वाचलं. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. त्यांना शिकवलेलं महिनोन्‌महिने लक्षात राहतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मी बादली घेऊन जवळ गेलो की मुद्दल अजूनही पाणबुड्याच्या मागे जाऊन उभं राहतं. त्याच्याकडे माझ्या नावाचं खातं उघडलेलं आहे, आणि ते बंद करायचा अर्ज मी करणार नाही.

बँकेत मी आता एक गोष्ट करतो. कोणी म्हातारं माणूस दुसऱ्याला घेऊन काउंटरवर आलं, तर मी त्या म्हाताऱ्या माणसाशीच बोलतो. "आजोबा, तुमच्या खात्यात आज इतके इतके शिल्लक राहिले, तुम्हालाच सांगतोय," असं म्हणतो. परवा एका आजींबरोबर आलेली बाई तडकून म्हणाली, "मी सून आहे त्यांची. चोर नाहीये!" तिचंही खरं होतं. सासूला हाताला धरून भर उन्हात घेऊन आली होती बिचारी. मी माफी मागितली आणि खातेदाराला शिल्लक सांगितली. शंभरांतल्या नव्व्याण्णवांच्या बाबतीत माझं हे बोलणं आगाऊपणाचंच असणार. रोज नळी तपासणाऱ्याला रोज विष सापडत नाही. सापडू नये यासाठीच तर तो तपासत असतो.

त्या आजींचं मात्र मला काही कळलं नाही. ज्या शाखेत होतो तिथे एकदा फोन करून विचारावं असं वाटतं, आणि आता विचारून काय, असंही वाटतं. हे दुसरं वाटणं जरा हलकं हलकं आहे. म्हणून सोमवारी फोन करणार आहे.

काल सौ. म्हणाली, "पाणी कसं छान झालंय. मुद्दलाला सोबत आणू या का एक?" मी चप्पल पायात घालायला उठलोच होतो. कन्येने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "बाबा, आजची नळी बघितलीत?"

मी चप्पल काढली आणि बसलो.